लिफ्टमनचा धागा

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी छापखान्यात जाण्याआधी लिनक्सच्या ऑनलाइन मंचावरचे सात प्रश्न निकालात काढले. सात! चहा गार झाला तो झालाच. एकाचं वाय-फाय, दोघांचे प्रिंटर, दोघे पासवर्ड विसरलेले. एकाचा मथळा होता – 'लिनक्समुळे माझा संगणक मेला'. मॉनिटरची वायर सैल निघाली. लिनक्सला शिव्या आधी, वायर नंतर.

नवरा बूट घालता घालता म्हणाला, "या मंचाचा पगार कोण देतं तुला?"

"कुणी नाही. ज्याला अडलं त्याने विचारायचं, ज्याला येतं त्याने सांगायचं."

"मग बस कशापायी चुकवतेस?"

याला काय सांगायचं! हा दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात बनवतो. दाताने कधी परत येऊन 'धन्यवाद' म्हटल्याचं ऐकिवात नाही. मंचावर म्हणतात. प्रश्न मिटला की त्या धाग्याच्या, म्हणजे प्रश्न आणि त्याखालच्या उत्तरांच्या, मथळ्यापुढे 'सुटले' असं लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. ते 'सुटले' दिसलं की माझा दिवस बरा जातो.

सगळे मला 'जुळारी सर' म्हणतात. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचं नाव घेऊन एखादी बाई बसलेली असेल, हे अकरा वर्षांत एकालाही सुचलं नाही. मीही सांगत नाही. सर असलं की उलट प्रश्न कमी येतात.

सातवा माणूस नवा. आयडी 'लिफ्टमन'. लिफ्टा दुरुस्त करायचा, आता निवृत्त. संगणकातलं लिनक्स जुनं झालंय, नवं टाकायचंय, त्यासाठी पेनड्राइव्ह कसा तयार करायचा – एवढंच विचारायला दीड पान. नमस्कार, वय, गुडघे, सगळं त्यात. संगणकाला द्यायच्या आज्ञेसकट चार पायऱ्या लिहून दिल्या आणि पळाले.

जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर त्याचं उत्तर: 'साहेब, छापून घेतलं. आमच्या कामात कागद हातात लागतो. एकेक पायरी झाली की खूण करत जातो.' स्क्रीनवरचं वाचायला कागद! आमच्या प्रूफ विभागाच्या मोठ्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांनाही हसू आलं. आमचा छापखाना अशाच लोकांवर चाललाय म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून काढते.

लिफ्टमनचा प्रतिसाद काल संध्याकाळीच आला होता, मी आज सकाळी पाहिला. 'साहेब, सव्वातीनला आज्ञा चालवली. तीन-चार मिनिटं लागली, मग झालं असं आलं. पण पेनड्राइव्ह रिकामाच आहे. आणि दादांच्या रेकॉर्डिंगची डिस्क उघडत नाही. तीही जोडलेली होती, दादांची ऐकायची वेळ होती म्हणून. काही बिघडलं का?'

बिघडलं. वाचता वाचताच कळलं.

संगणक जोडलेल्या डिस्कना सापडतील त्या क्रमाने नावं देतो – ए, बी, सी. बहुतेकांकडे आतली एक डिस्क असते आणि दुसरा तो पेनड्राइव्ह. म्हणजे पेनड्राइव्ह बी. मी डोळे झाकून आज्ञेत बी लिहिलं. याच्याकडे बाहेरची डिस्क आधीपासून जोडलेली. बी ती होती! पेनड्राइव्ह सी. ती आज्ञा कुणाला काही विचारत नाही. सांगितलेल्या जागी नवं लिनक्स ओतते, खाली काय आहे ते बघत नाही.

आणि मंचाच्या अगदी वर, लाल चौकटीत, मीच पाच वर्षांपूर्वी लिहिलेला नियम आहे. आधी डिस्कची यादी मागा. यादी पाहिल्याशिवाय कुणालाही पुसणारी आज्ञा देऊ नका. या नियमावरून मी किती जणांना झाडलंय! नुसते नाकाने कांदे सोललेत.

यादी का नाही मागितली? बसची वेळ झाली होती. हे खरं. पण घुबड त्या वेळी मंचावर होता, हे जास्त खरं. घुबड म्हणजे माझ्यासारखाच देखरेखीवाला – पटापट उत्तरं देणारा. यादी मागितली असती तर ती येईपर्यंत मी बसमध्ये, आणि उत्तर घुबडाचं. मला सात करायचे होते.

पुढचं लिहायला नको वाटतंय. पण इथे नाही तर कुठे लिहिणार?

इतरांनी आपला प्रतिसाद बदलला की खाली 'बदलले' असं तारीख-वेळेसह उमटतं. देखरेखीवाल्यांनी बदललं की उमटत नाही. मी माझं कालचं उत्तर उघडलं. चार पायऱ्यांच्या वर दोन ओळी घातल्या, ठळक अक्षरात. 'आधी डिस्कची यादी पाहून पेनड्राइव्हचं नाव नक्की करा. खाली बी हे फक्त उदाहरण आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकतं.' जतन केलं. मग त्याला लिहिलं, 'तुमच्याकडून चुकीच्या डिस्कचं नाव गेलेलं दिसतं.'

तुमच्याकडून!

एवढं व्हायला दोन मिनिटं लागली नसतील. बसही मिळाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

घुबडाने लिफ्टमनला फैलावर घेतलं. 'वर ठळक अक्षरात लिहिलंय, तरी वाचायचं नाही? जुळारींनी आणखी काय करायचं – घरी येऊन हात धरायचा?' खाली सहा जणांचे अंगठे.

लिफ्टमनचं उत्तर दुपारी आलं. 'होय, आता दिसतंय. माझ्या नजरेतून सुटलं असेल. जुळारीसाहेबांना उगाच त्रास झाला, माफी असावी.'

माफी त्याने मागितली. मी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

औषधाच्या माहितीपत्रकाचं तिसरं प्रूफ. 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर.' चूक नाही. तरी पाच वेळा वाचलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज छापखान्यात रामायण. नव्या मुलीने प्रुफावरची आपली चुकीची खूण पांढरा रंग लावून झाकली आणि वर दुसरी केली. मोठ्या बाईंनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. तिला ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "चूक झाली तर रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. उद्या कुणी विचारलं की आधी काय होतं, तर मी काय सांगू? ज्या टेबलावर पांढरी बाटली दिसेल त्या टेबलावरचं प्रूफ मी सही करून सोडणार नाही."

मुलगी रडकुंडीला आली. बाई तिला चहाला घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू सांग गं हिला नंतर. तुझं काम स्वच्छ असतं."

मी बरं म्हणाले. मुलीला काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

त्या डिस्कवर काय होतं ते आज कळलं. कुणीतरी सहज विचारलं, 'महत्त्वाचं होतं का काही?' लिफ्टमनने उत्तर दिलं. या खेपेला दीड पान नाही. दहा-बारा ओळी.

तो आणि त्याचे थोरले बंधू, दोघे एकाच कंपनीत लिफ्टचं काम करायचे. दादा कानाने बिघाड ओळखायचे. लिफ्टच्या छतावर उभं राहायचं, दार लावून घ्यायचं, आणि ऐकायचं. दोर घासतोय, बेअरिंग गेलंय, ब्रेक उशिरा सुटतोय – सगळं आवाजावरून. हे मागे राहावं म्हणून यानेच अकरा वर्षं दादांसोबत फिरून रेकॉर्डिंग केलं. आधी लिफ्टचा आवाज, मग दादांचं बोलणं: ऐक, हा टक्क ऐकलास? दोनशे बारा रेकॉर्डिंग. संगणकात तेवढी जागा नव्हती, म्हणून सगळं बाहेरच्या डिस्कवर. दुसरीकडे कुठेच नाही.

दोन वर्षांपूर्वी दादांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कळतं सगळं, बोलता येत नाही. रोज सव्वातीनला ते खुर्चीत बसून आपलाच आवाज ऐकायचे. 'अजून विचारतात बोटाने, आज का नाही. डिस्क दुरुस्तीला दिलीय म्हणून सांगितलंय,' असं त्याने लिहिलंय.

मला वाटलं होतं सिनेमे असतील. गाणी असतील. खरं तर असं वाटून घेतलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते चार तारखेपेक्षा वाईट आहे.

लिफ्टमनने विचारलं, 'या डिस्कचं आता काय करू?' घुबडाने सांगितलं – गेलं ते गेलं, डिस्क फॉरमॅट करा आणि नव्याने वापरा.

मी सव्वाआठला वाचलं. हे चूक आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. त्या आज्ञेने डिस्कचा सुरुवातीचा थोडाच भाग बुडवला. बाकीचं सगळं खाली तसंच आहे, फक्त संगणकाला वाट सापडत नाही. शोधून काढायची साधनं आहेत. अट एकच – त्या डिस्कवर नवीन काहीही ठेवायचं नाही. नवीन ठेवलं की ते जुन्यावर बसतं, आणि मग ते कायमचं जातं.

'थांबा, डिस्क काढून ठेवा' – एवढंच लिहायचं होतं. टाइप केलं. मग वाटलं, आपण पुन्हा त्या धाग्यावर गेलो की सगळे पुन्हा वरपासून वाचतील. कुणीतरी म्हणेल, या दोन ओळी मला आठवत नाहीत. घुबड विचारेल, तुला नऊ दिवस सुचलं नाही का? खोडलं. बस पकडली.

म्हणजे मी मूग गिळून बसले ते घाबरून. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी त्याचा व्यनि, फक्त मला. खासगी निरोपात माणूस आणखीच नम्र होतो. 'साहेब, राग नसेल तर एक विचारतो. पुसलं गेलं म्हणजे सगळंच पुसलं जातं का? आमच्या लिफ्टचा दिवा गेला तरी लिफ्ट जागेवरच असते, म्हणून विचारतो.'

धाग्यावरचे आम्ही सगळे शहाणे, आणि नेमका प्रश्न यालाच पडला.

ताबडतोब लिहिलं. डिस्क काढा. कशालाही जोडू नका. त्यावर काहीही ठेवू नका. मी सांगेन तसंच करा.

खासगीत लिहायला धाडस लागलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उशीर झाला. त्याने बुधवारी संध्याकाळीच फॉरमॅट केली होती. गुरुवारी पहाटे, माझा निरोप वाचण्याआधी, पुतणीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यावर उतरवून ठेवले. 'जागा रिकामी आहे तर मुलीला उपयोगी पडेल म्हटलं.' डिस्क दोन-तृतीयांश भरली.

चार तारखेला एक वाक्य लिहिलं असतं तर दोनशेच्या आसपास परत आली असती. हा हिशेब मला रोज करता येतो आणि मी करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर त्याच्याबरोबर बसले – म्हणजे तो त्याच्या घरी, मी माझ्या. त्याने एक ओळ लिहायची, मी एक. या खेपेला यादी मागितली. तीन वेळा मागितली. तो न कंटाळता पुन्हा पुन्हा पाठवत होता. पुतणीचे फोटो आधी दुसरीकडे हलवले, मग शोधायचं साधन बसवलं, मग कुठे शोधायचं ते सांगितलं. प्रत्येक पायरीला तो लिहायचा, 'झालं. खूण केली.'

साधन सुरू झालं तेव्हा चार वाजले होते. पंधरा-सोळा तास लागतील म्हटलं. त्याने लिहिलं, 'लागू द्या. तुम्ही जेवून घ्या साहेब.'

नवऱ्याने पानं वाढून ठेवली होती. विचारलं, "एवढं कुणाचं काम चाललंय?" एका म्हाताऱ्याचं, म्हणाले. तो म्हणाला, "चांगलं करतेस."

१९ फेब्रुवारी, बुधवार

एकतीस. पूर्ण अशी एकतीस सापडली. बारा अर्धवट – मध्येच तुटणारी. बाकी पुतणीच्या फोटोंखाली गेली. नावंही गेली, नुसते आकडे राहिलेत. कुठली लिफ्ट, कुठलं वर्ष, काही कळत नाही.

त्याने लिहिलं, 'एकतीस म्हणजे दादांचा महिना निघाला. रोज एक.'

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा नावं लावताहेत! लिफ्टमन एक रेकॉर्डिंग लावतो, दादा डोळे मिटून ऐकतात आणि डाव्या हाताची बोटं दाखवतात – किती मजली इमारत. मग लिफ्टमन इमारतींची नावं घेत जातो. बरोबर आलं की दादा खुर्चीचा दांडा थोपटतात. एकतीसपैकी सव्वीस जुळली म्हणे. एका इमारतीवरून दोघांचं भांडण झालं. बोलता न येणाऱ्या माणसाशी भांडून हरलो, असं लिहिलंय.

एक रेकॉर्डिंग त्याने मला पाठवलं. 'तुमच्यामुळे आलं, तुम्हीही ऐका.'

नवरा आणि मी स्वयंपाकघरात ऐकत बसलो. आधी लांबून घरघर, मग दोर ताणल्याचा आवाज. मग दादा. खर्जातला, सावकाश आवाज, मागे थोडा घुमारा. कुणी हाताखालचा माणूस खाली उतरलेला असावा आणि त्याने चुकीचा नट सोडला असावा. वरून कोणीतरी ओरडतंय. दादा त्याला गप्प करतात: "ओरडू नको. माणूस विहिरीत असेतो त्याची चूक काढायची नाही. तो घाबरला तर दुसरा नट सोडेल. त्याला वर येऊ दे. वर आला की मात्र सोडायचं नाही. तेव्हा विचारायचंच."

विहीर म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली करते ती उभी पोकळी. नवऱ्याला सांगावं लागलं. तो म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं.

या आवाजाची दीड-पावणेदोनशे रेकॉर्डिंग मी घालवली. आधी मला फक्त आकडा माहीत होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

त्याने धाग्याच्या मथळ्यापुढे 'सुटले' लिहिलं. खाली: 'जुळारीसाहेबांनी स्वतःचा रविवार मोडून मदत केली. चूक माझी होती, तरी एका शब्दाने बोलले नाहीत.'

खाली चाळीस अंगठे. अकरा वर्षांत मला एवढे कधी मिळाले नव्हते.

२ मार्च, रविवार

घुबडाने लिफ्टमनचा धागा मंचाच्या माथ्यावर टाचून ठेवला – नव्या लोकांसाठी धडा म्हणून. नाव दिलंय, 'वाचलं नाही तर काय होतं'. माझ्या लाल चौकटीच्या बरोबर खाली.

तो धागा आता वाक्प्रचारात गेलाय. आज एका नव्या पोरीने डिस्कबद्दल विचारलं तर कुणीतरी लिहिलं, 'बघ हं, लिफ्टमन करू नकोस.' हसणारे चेहरे. त्याच्याखाली लिफ्टमननेच लिहिलंय, 'खरंच करू नकोस बाळा. आधी नीट वाच.'

तो स्वतःवरच्या विनोदात सामील झालाय. मी दुपारभर कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं.

५ मार्च, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. सगळं, घुबडापासून पांढऱ्या बाटलीपर्यंत.

तो म्हणाला, "अगं, पण कुणाला कळणार आहे?"

मला हेच ऐकायचं होतं. महिनाभर मी स्वतःला हेच सांगत होते. त्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्याला ते दिसलं असावं. ताट उचलून ठेवत म्हणाला, "मला कळलं ना आता. आपण दोघं झालो. आता तू नीट बोल तरी, महिनाभर घरात नुसती वावरतेयस."

९ मार्च, रविवार

केलं.

सकाळी दहाला बसले. आधी त्या दोन ठळक ओळींवर रेघ मारली – काढल्या नाहीत, खालचं वाचता आलं पाहिजे. त्याखाली लिहिलं: 'या दोन ओळी मूळ उत्तरात नव्हत्या. लिफ्टमन यांचं नुकसान झाल्यावर, ४ फेब्रुवारीला सकाळी, मी त्या मागाहून घातल्या. यादी मी मागितली नाही. उत्तर घुबडाच्या आधी द्यायचं होतं म्हणून मागितली नाही. डिस्क वापरायची थांबवा हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी नऊ दिवस सांगितलं नाही. लिफ्टमन यांनी जे लिहिलं होतं तेच केलं. त्यांची काही चूक नाही.'

टाचलेला धागा काढला. लाल चौकटीतल्या नियमाखाली माझं नाव होतं, ते खोडलं. मग देखरेखीचे अधिकार सोडल्याचा अर्ज टाकला. बटण एकच होतं, दाबल्यावर 'नक्की का?' असंही विचारलं नाही.

लिफ्टमनला वेगळा व्यनि. खरं नाव लिहिलं, मी सर नाही हेही लिहिलं, छापखान्याचा पत्ता दिला. माफ करा असं लिहिलं आणि ठेवलं. त्याने माफी मागितली होती तेव्हा ती मी घेतली होती, हे विसरता येत नाही.

पाठवल्यावर हलकं वाटेल असा माझा समज होता. भूक लागली, एवढंच.

१० मार्च, सोमवार

धाग्यावर एकशे सहा प्रतिसाद. काहींनी शिव्या घातल्या, त्या बरोबर आहेत. काहींनी मोठं मन वगैरे म्हटलंय. तिथे तर जास्त लाज वाटली. दोघांना धक्का बसलाय तो मी बाई असल्याचा! म्हणजे ही बातमीही फुटली, घुबडाने 'जुळारीबाई' लिहिलं त्यामुळे. त्याला मी काल सांगितलं होतं.

घुबड एवढंच म्हणाला, 'फॉरमॅट करा मीच म्हणालो होतो. निम्मं माझं.' मी कळवलं की नाही, तुला माहीत नव्हतं, मला होतं.

लिफ्टमन गप्प आहे.

१२ मार्च, बुधवार

गप्प आहे. मंचावर येऊन गेल्याची वेळ दिसते. व्यनि वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही.

छापखान्यात नव्या मुलीजवळ बसले. पांढऱ्या बाटलीचं तिला सांगितलं – माझी गोष्ट सांगून. मोठ्या बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी ऐकलं. आज माझं प्रूफ त्यांनी पुन्हा एकदा वाचून मगच सही केली.

१४ मार्च, शुक्रवार

छापखान्याच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत चार घड्या घातलेला एक कागद.

माझं उत्तर. छापलेलं. खालच्या कोपऱ्यात छापल्याची वेळ – ३ फेब्रुवारी, दुपारी १:१०. चार पायऱ्या, प्रत्येकीपुढे पेन्सिलीची खूण. वर ठळक ओळी नाहीत. वरचा भाग कोरा आहे.

मागे पेनाने:

'ताई, हा कागद पहिल्या दिवसापासून माझ्यापाशी आहे. ५ तारखेला सगळे मला बोलले तेव्हा काढून पाहिला, आणि कळलं. रेकॉर्डिंग परत आल्यावर दादांना सगळं सांगून दाखवला. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. तुम्ही वर यायची वाट पाहिली. आलात. आता विचारतो. डिस्क काढून ठेवा, एवढं एक वाक्य तुम्ही त्याच दिवशी का नाही लिहिलंत?'

सव्वातीन वाजलेत. उत्तर लिहायला बसले आहे. कागदावर, शाईने.